सरकारी कामावर उपठेकेदाराच्या मजुरांचे पगाराचे कागदही मुख्य ठेकेदारानेच द्यायचे का?

हो, द्यायचे. "त्याची माणसं तो बघेल, आपल्याला काय" हे मी दाजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून पुढे जाववलं नाही.

दाजी सरकारी इमारतींची कामं घेतात. मध्ये काही वर्षं हिशेब मी बघायचो. साइटवर मुकादमाची टोळी, तीस-पस्तीस माणसं. मस्टरवर मात्र आठ नावं, त्यातलं एक दाजींच्या ड्रायव्हरचं. ईसीआर, म्हणजे पीएफ कार्यालयाकडे भरायचा नावनिशीवार मासिक तक्ता, त्या आठांचाच, पण दर महिन्याला १५ तारखेच्या आत, अगदी वक्तशीर. बाकीची मजुरी रोख मुकादमाच्या हातात. उचल कापून तो कुणाला किती देतो, हे त्यालाच ठाऊक.

मग टोळीतला एक गवंडी ९० दिवस काम केल्याचा दाखला मागायला आला. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला तो लागतो, आणि याला मुलीची शिष्यवृत्ती हवी होती. दाजी म्हणाले, "दे की लिहून, आपल्या बापाचं काय जातंय?" मी म्हटलं, दाखला खरा तर मस्टर खोटं. आधी नावं चढवा, पीएफ भरा, मग सही करतो. दाजींनी गवंड्याला ग्रामसेवकाकडे पिटाळलं. मी मात्र 'फार शिकलेला' म्हणून लग्नाकार्यात अजून टोमणे खातो. आणि दर बिलातून १ टक्का उपकर कापला जायचा तो कुणाच्या कल्याणासाठी? याच गवंड्यांच्या!

तर कागद: मस्टर, वेतन नोंदवही, मजुरी बँकेतून दिल्याचा पुरावा, पीएफचं चलन आणि त्याच महिन्याचा ईसीआर. नुसतं चलन लावू नका, त्यावर माणसांची नावं नसतात. उपठेकेदाराचा स्वतःचा पीएफ कोड असेल तर त्याचा ईसीआर हातात आल्याशिवाय त्याचं बिल सोडू नका. कोड नसेल तर त्याची माणसं तुमच्या कोडवर घ्या. ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही पीएफसाठी कर्मचारीच धरतात.

आता, पीएफचं हे सगळं २० किंवा जास्त माणसं असतील तर. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आधी जिल्हा बघून लागायचा; आता तुम्हाला लागतो का ते विचारून घ्या. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता (कामगार कायदे) लागू झाल्यात, तेव्हा नोंदवह्यांचे नमुने कोणते चालतील ते कामगार कार्यालयात विचारा आणि निविदेच्या अटीही वाचा. दाजी सांगत फिरतात की संहिता आल्या आणि मस्टर गेलं. गेलेलं नाही, दाजी. वेतन संहितेचं कलम ५० वाचा.