ग्लॅडिओलसची बोंडे काढून टाकावीत की बियांसाठी ठेवावीत?

प्रश्नकर्त्यांच्या अंगणातील ग्लॅडिओलसला फुले सुकल्यावर बोंडे धरली आहेत. त्यांतील बियांपासून घरी रोपे करता येतील का, फुलांसाठी किती काळ थांबावे लागेल आणि हे सारे कुंडीत जमेल का, असे त्यांनी विचारले आहे. त्यावर एका जाणकारांनी "बियांच्या नादी लागू नका, कंद विकत आणा" असे एका ओळीत उत्तर देऊन विषय मिटवला आहे. नेमके हेच वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षे ऐकत आले आहे की, आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रोपे करता येतात. बियांपासून वाढवलेल्या झाडांपैकी थोडी दुसऱ्या हंगामात आणि बहुतेक तिसऱ्या हंगामात फुलतात. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी खुशाल कंद आणावेत. चांगला पोसलेला कंद लावल्यापासून अडीच-तीन महिन्यांत फुलदांडा देतो. परंतु धीर नसणे ही एक गोष्ट आणि बियांना अर्थच नाही असे म्हणणे ही दुसरी. या दोहोंत गल्लत करणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

माझे धाकटे दीर वाईजवळच्या आमच्या शेतात ग्लॅडिओलसची लागवड करतात आणि फुलदांडे पुण्याच्या मार्केटयार्डात पाठवतात. ते कृषी पदवीधर आहेत आणि त्यांच्या धंद्याच्या हिशेबात चूक काढण्याची माझी पात्रता नाही. त्यांच्याकडे बोंड धरण्याचा प्रश्नच येत नाही, कारण खालची एक-दोन फुले रंग दाखवू लागताच, झाडावर चार-पाच पाने राखून दांडा कापला जातो आणि राहिलेल्या पानांच्या जोरावर जमिनीत नवा कंद पोसतो. मी अंगणातल्या वाफ्यात काही दांडे न कापता ठेवले, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, बी धरू देणे म्हणजे कंदाच्या तोंडचा घास काढणे." हे खरेच आहे. बोंडे पोसणाऱ्या झाडाचा कंद थोडा लहान राहतो. पण माझा वाफा बाजारासाठी नव्हता, आणि एका हंगामात कंद लहान राहिला म्हणून कोणाचे घर बसत नाही.

मी 'व्हाइट प्रॉस्पेरिटी' या पांढऱ्या जातीच्या फुलांवर 'अमेरिकन ब्युटी' या गडद गुलाबी जातीचे पराग लावले. काम मुळीच अवघड नाही. फक्त सकाळी लवकर उठावे लागते. फूल उमलू लागले की त्यातील तिन्ही पुंकेसर, पराग सुटण्यापूर्वी, चिमट्याने काढून टाकायचे आणि फुलावर कागदी पिशवी चढवायची. स्त्रीकेसराचे टोक तीन पाकळ्यांत विभागलेले असते. एक-दोन दिवसांत त्या पाकळ्या उलगडून पसरतात आणि चिकट होतात, तेव्हा दुसऱ्या जातीचे पराग मऊ कुंचल्याने त्यांवर टेकवायचे. निसर्गाने या फुलात पराग आधी आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होण्याची व्यवस्था ठेवली असल्यामुळे नवशिक्यालाही पुरेसा अवधी मिळतो. कोणत्या फुलावर कोणते पराग लावले, ते ओळखण्यासाठी देठाला रंगीत दोरा बांधावा.

बोंड फुगून हिरवे राहते आणि पाच-सहा आठवड्यांत तपकिरी होऊन वरच्या टोकाकडून तीन फाकांत उकलते. त्याच्या एक-दोन दिवस आधी त्यावर मलमलीची पुरचुंडी बांधली पाहिजे, कारण बी अत्यंत हलके असते. प्रत्येक बीभोवती तांबूस तपकिरी, कागदासारखा पातळ पंख असतो आणि वाऱ्याच्या एका झुळकीसरशी बोंड रिकामे होते. बिया हाती आल्या की एकेक उजेडासमोर धरून पाहावी: पंखाच्या मधोमध टपोरा, गडद दाणा दिसला तर बी भरलेले आहे, आणि सबंध पंख सारखाच पारदर्शक दिसला तर ते पोचट आहे. पोचट बिया पेरून 'उगवण झाली नाही' अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात.

आपल्याकडे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होते, पण ते लगेच पेरू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळी रोपे होरपळतात. बी कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवून सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, हवेत थोडा गारवा आल्यावर पेरावे. पोयटा माती, बारीक वाळू आणि चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात बी टाकून वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर द्यावा आणि झारीने पाणी घालावे. दोन ते चार आठवड्यांत उगवण होते. वर येते ते एकच, सुईसारखे बारीक पान. पहिल्या वर्षभर या रोपाकडे पाहून ते ग्लॅडिओलसचे आहे असे कोणीही सांगू शकणार नाही. आमच्या घरी पाहुणे आले की दीर त्यांना मुद्दाम अंगणात नेऊन "या, वहिनींचे गवत दाखवतो" असे म्हणत. खुरपणीला येणाऱ्या बाईंना मात्र मी स्वतः उभे राहून वाफा दाखवला होता, आणि तुम्हीही तसेच करा.

पहिल्या हंगामाच्या अखेरीस पाने पिवळी पडली की पाणी तोडून, माती चाळणीतून गाळून घ्यावी लागते. हाती लागतात ते हरभऱ्या-वाटाण्याएवढे कंद. ते सावलीत सुकवून जाळीच्या पिशवीत टांगावेत किंवा, फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात जागा मिळत असेल तर, दोन-तीन महिने तेथे ठेवावेत. थंडाव्याने कंदाची सुप्तावस्था मोडते. पुढच्या ऑक्टोबरात ते पुन्हा लावायचे. दर वर्षी जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा कंद बसतो आणि जुना खाली चपटा, वाळका होऊन उरतो. म्हणजे जमिनीत जाणारा कंद आणि निघणारा कंद एकच कधीच नसतो. कंद साधारण अडीच-तीन सेंटिमीटर व्यासाचा झाला की फुलण्याच्या जोगा होतो.

तिसऱ्या हिवाळ्यात वाफा फुलला. बहुतेक फुले सामान्य होती, हे मी लपवून ठेवणार नाही. फिकट गुलाबी, मळकट गुलाबी, एखाद्या दांड्यावर फुले विरळ, तर एखाद्यावर एकाच बाजूला न राहता चहूकडे तोंड केलेली. परंतु एका झाडाचा दांडा सरळ आला, पाकळ्या सायीच्या रंगाच्या, कडांना बारीक चुण्या आणि घशात किरमिजी ठिपका, जो आत जाताना गडद होत जातो. तसे फूल मी कोणत्याही रोपवाटिकेच्या यादीत पाहिलेले नव्हते. दिरांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "रंग बरा आहे, पण नाव काय?"

हाच प्रश्न पुढे एका पुष्पप्रदर्शनात आडवा आला. प्रवेशिकेवर 'जातीचे नाव' असा रकाना होता. मी त्यात 'घरच्या बियांचे रोप' असे लिहिले. तेथील कार्यकर्त्यांनी ते खोडले आणि नाव नसलेला ग्लॅडिओलस ग्लॅडिओलसच्या गटात ठेवता येत नाही, असे सांगून माझा दांडा 'इतर फुले' या टेबलावर नेऊन ठेवला. शेजारी शेवंती होती आणि परीक्षक त्या टेबलाकडे फिरकलेही नाहीत. घरी परतताना दीर गाडीत काही बोलले नाहीत; पण जेवताना म्हणाले की, बाजारातही नावाचाच माल चालतो आणि म्हणूनच त्यांनी मला आधी सांगितले होते.

त्यांना तेव्हा दिलेले उत्तर मी येथे सविस्तर देते, कारण बियांच्या नादी लागू नका म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे. आज ज्या फुलांना नावे आहेत, त्यांतील बहुतेक कधी ना कधी कोणाच्या तरी वाफ्यातली बिनानावाची बियांची रोपे होती. रानटी ग्लॅडिओलसच्या बहुसंख्य प्रजाती आफ्रिकेतल्या, त्यातही दक्षिण आफ्रिकेतल्या. बेल्जियममध्ये आंगियाँ येथे एका सरदाराच्या बागेचे माळी असलेल्या बेडिंगहाउस यांनी १८३७ च्या सुमारास अशा प्रजातींचा संकर करून बियांपासून रोपे वाढवली; ती १८४१ मध्ये घेंट शहरातील व्हान हूट यांनी 'गांडाव्हेन्सिस' या नावाने विक्रीला आणली आणि मोठ्या फुलांच्या आधुनिक ग्लॅडिओलसची घराणी तेथून वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया धबधब्याच्या तुषारांत वाढणारी, वरची पाकळी टोपीसारखी झुकलेली पिवळी फुले इंग्लंडात पोहोचली आणि त्यांच्या संकरांतून नाजूक फुलांचा निराळा वर्ग निघाला. आपल्याकडेही बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील उद्यानविद्या संस्थेने 'मीरा', 'पूनम', 'नजराणा' आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा' अशा जाती दिल्या. कंदापासून फक्त तेच झाड पुन्हा मिळते. आधुनिक ग्लॅडिओलसमध्ये गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे एकूण ६० गुणसूत्रे असतात, त्यामुळे एकाच बोंडातील दोन बियांची फुले क्वचितच सारखी निघतात. या अनिश्चिततेला दीर तोटा म्हणतात. फुलांचे पैसे करायचे असतील तर तो तोटाच आहे. पण अंगणात हौसेने चार वाफे करणाऱ्याने व्यापाऱ्याचा हिशेब स्वतःला का लावून घ्यावा?

आणखी एक मुद्दा दिरांनाही मान्य करावा लागला. वर्षानुवर्षे कंदांवर चालवलेल्या जातींत विषाणूंचे रोग साठत जातात. पाकळ्यांवर रंगाचे फाटे पडतात, दांडा आखूड होतो. हे विषाणू सहसा बियांतून उतरत नाहीत, म्हणून बियांची रोपे निरोगी सुरुवात करतात. पुढे मावा आणि फुलकिडे यांच्यापासून त्यांना जपणे हे आपले काम.

आता काही गोष्टी, ज्या कदाचित आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या झाडाची बोंडे मधमाश्यांच्या कृपेने धरलेली आहेत, तेव्हा आईसारखेच फूल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तेच फूल हवे असेल तर कंदाच्या बुडाशी लागलेली बारीक पिल्ले लावा. एका झाडावर दोन-तीन बोंडे पुरेत, बाकीची खुडून टाका. ऑनलाइन मिळणारी 'ग्लॅडिओलस मिश्र रंग' असली बियांची पाकिटे घेऊ नका. त्यांत नेमके काय आणि किती जुने आहे, ते पेरल्याशिवाय कळत नाही. ज्या मातीत कंद कुजले असतील त्या मातीत पुन्हा ग्लॅडिओलस लावू नका, कारण मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. कोकणात किंवा जेथे जमिनीत पाणी साचते तेथे पावसाळ्यापूर्वी कंद काढलेच पाहिजेत.

कुंडीत जमते. पहिल्या वर्षी भाजीवाल्यांकडचा प्लास्टिकचा उथळ क्रेटही चालतो, पुढे मात्र किमान फूटभर खोल कुंडी हवी. आणि पाटीवर नाव पेन्सिलीनेच लिहा, पेनची शाई एका उन्हाळ्यात उडते. नाव नसेल तर दोन्ही पालकांची नावे आणि साल लिहा. माझ्या कुंड्यांवर तसेच आहे, आणि दिरांनी मागितलेल्या पिल्लांच्या पिशवीवरही मी तेच लिहून दिले.