कंपनी बी-१ व्हिसावर (कामानिमित्त छोट्या भेटीच्या व्हिसावर) अमेरिकेला पाठवतेय. पगार पुण्यातूनच मिळणार असेल, तर क्लायंटच्या ऑफिसात बसून कोडिंग केलेलं चालतं का?

नाही. पगार भारतात जमा होतो म्हणून काम वैध ठरतं, हा आयटीवाल्यांमधला फार जुना गैरसमज आहे. तिथे तुम्ही नेमकं काय करणार, हे आधी बघितलं जातं. मीटिंग, कराराची बोलणी, परिषद, क्लायंटची गरज समजून घेणं हे बी-१ मध्ये बसतं. विकलेलं यंत्र बसवून द्यायला किंवा दुरुस्त करायला विक्रेत्याचा इंजिनिअर जाऊ शकतो, पण ती सेवा मूळ विक्रीकरारात लिहिलेली हवी. रोजचं कोडिंग-टेस्टिंग मात्र साध्या बी-१ वर नाही. त्यासाठी एच-१बी (तिथे कुशल नोकरी करण्याचा व्हिसा) किंवा एल-१ (त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीचा व्हिसा) लागतो. एच-१बीला वर्षाला ८५,००० व्हिसांची मर्यादा आहे, म्हणून पळवाटेचा मोह होतो. २०१३ मध्ये याच बी-१ च्या वापरावरून इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३.४ कोटी डॉलरची तडजोड केली होती. गैरप्रकाराचे आरोप मात्र कंपनीने नाकारले होते.

कंपनी दंड भरून मोकळी होते, तुमचं तसं नाही. चुकीची माहिती देऊन प्रवेश घेतल्याचं ठरलं, तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. म्हणून निमंत्रणपत्रातलं कामाचं वर्णन स्वतः वाचा. ‘विमानतळावर फक्त मीटिंग सांग’ असं मॅनेजर म्हणाला तर सरळ नकार द्या आणि लेखी खुलासा मागा. व्हिसाचा शिक्का दहा वर्षांचा असला तरी मुक्काम आय-९४ (अमेरिकेत प्रवेश देताना होणारी नोंद) वरच्या तारखेपर्यंतच.