कॉयरमधली जागा गळ्यापेक्षा वाचनावर मिळते

म्हापशाहून एका पालकांनी लिहिलं आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते, गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण झाली आहे. दोन वर्षांपासून पणजीतल्या एका कॉयरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या गायनवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. बाहेरून आलेल्या एका कंडक्टरनी (वृंदाच्या संचालकांनी) तिला ‘व्यावसायिक कॉयरची तयारी कर’ असं सुचवलं. पालकांचे प्रश्न तीन आहेत. अशी नोकरी खरोखर असते का? सायन्स सोडावं का? आणि शास्त्रीय गाण्याची इतकी वर्षं वाया गेली का?

सप्रेम नमस्कार.

नोकरी असते. युरोपातल्या अनेक शहरांत कॉयरचे गायक ऑर्केस्ट्राच्या वादकांसारखेच पगारी असतात. लिथुआनियात विल्नियस शहराच्या पालिकेचं स्वतःचं कॉयर आहे, ‘याउना मुझिका’, १९८९ मध्ये सुरू झालेलं. एस्टोनियाचं फिलहार्मोनिक चेंबर कॉयर १९८१ चं, स्वीडिश रेडिओचं १९२५ चं. बीथोवनची नववी सिंफनी किंवा ब्राम्सचं ‘जर्मन रेक्विएम’ करायचं तर ऑर्केस्ट्राला कॉयर लागतंच. नव्या संगीतकारालाही आपली अवघड रचना चार-पाच तालमींत उभी करणारी माणसं हवी असतात. तोच कार्यक्रम हौशी कॉयर आठवड्याला एक तालीम घेऊन दोन-तीन महिन्यांत बसवतं. पगार मिळतो तो या फरकासाठी.

जागा मात्र मोजक्या. स्वीडिश रेडिओच्या कॉयरमध्ये ३२ गायक आहेत. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास या वरून खाली जाणाऱ्या चार आवाजांत सारखे वाटले तर आल्टोच्या वाट्याला आठ जागा. कुणी निवृत्त झालं किंवा सोडून गेलं, की एखादी रिकामी होते. शिवाय नावाजलेलं कॉयरही कायमचं सुरक्षित नसतं. १९२४ पासून गाणारं ‘बीबीसी सिंगर्स’ बंद करण्याचा निर्णय मार्च २०२३ मध्ये जाहीर झाला होता. संगीतक्षेत्रातून मोठा विरोध झाला, तेव्हा तो मागे पडला.

निवड साधारण अशी होते. वेगवेगळ्या शैलींची दोन-तीन गाणी, मग आवाजाची पट्टी वरपासून खालपर्यंत तपासणी, मग कधी न पाहिलेलं नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) समोर ठेवून लगेच गायला सांगणं, आणि शेवटी कॉयरमधल्या तिघांसोबत चौथा आवाज म्हणून गाणं. पुढे काही महिन्यांची उमेदवारी. चांगला गळा घेऊन आलेले उमेदवार तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर गळतात. भारतात शिकलेल्या मुलांचं तर हमखास तिथेच अडतं, कारण आपल्याकडे बहुतेक कॉयरमध्ये चाल कानाने ऐकवून पाठ करून घेतात.

आता शास्त्रीय गाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमची काळजी मुख्यतः तीच दिसते.

समजा मुलीचा षड्ज काळी पाच आहे. आल्टोला साधारणपणे मध्य सप्तकाच्या सी-खालच्या एफपासून वरच्या डीपर्यंत गावं लागतं. तिच्या भाषेत सांगायचं तर मंद्र पंचम ते तार गंधार. म्हणजे ख्यालात ती फिरते तोच प्रदेश. सोप्रानोला तार सप्तकाच्या शुद्ध निषादापर्यंत जावं लागतं. आज ती आल्टो आहे म्हणून कायम आल्टोच राहील असं नाही. मुलींचा आवाज विशीपर्यंत स्थिरावत असतो, आणि नोटेशन पटकन धरणाऱ्या मुलींना कॉयरमध्ये सोयीसाठी आल्टोत बसवतात. शिक्का आत्ता मारू नका.

दुसरा फायदा कानाचा. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार पियानोवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे १०० सेंट). साथीशिवाय गाणारं चांगलं कॉयर याच शुद्ध गंधाराकडे झुकतं, आणि आल्टोकडे तो गंधार वारंवार येतो. तुमच्या मुलीचा कान तिथे आधीच तयार आहे. पियानो किंवा ऑर्केस्ट्रा सोबत असेल तेव्हा मात्र त्यांच्या गंधाराशी जुळवून घ्यावं लागतं. दोन्ही जमायला हवं.

तिसरी गोष्ट, सरगम. हंगेरीच्या कोडाय या संगीतशिक्षण पद्धतीत ‘दो’ आपल्या ‘सा’सारखाच सरकता असतो, म्हणून सरगम येणाऱ्याला ती लवकर उमगते. पोर्तुगीज परंपरेच्या सोल्फेजियोत (दो-रे-मी नावांनी स्वर गाण्यात) मात्र सी म्हणजे कायम ‘दो’. दोन्ही पद्धती एकदम सुरू केल्या तर गोंधळ होतो. स्वरांतरांसाठी सरगम ठेवा, नोटेशनसाठी सी-डी-ई ही नावं.

सोडाव्या लागतील त्या सवयीही आहेत. ख्यालात आपण मींडेने स्वरावर येतो. कॉयरमध्ये आठ आल्टोंनी एकाच क्षणी थेट स्वर धरायचा असतो. एकटीने मींड घेतली की सगळी ओळ खाली ओढल्यासारखी ऐकू येते. मध्य पंचमाच्या पुढेही छातीचा आवाज रेटला तर बाकीच्यांत मिसळत नाही. तिथून तो हलका करायला शिकवणारा व्हॉइस टीचर हवा, नुसता कॉयरमास्तर पुरत नाही. आठवड्याला एक स्वतंत्र धडा किमान धरा.

रोजचा सराव वीस-पंचवीस मिनिटांचा असावा. आठ मापांची (बारची) नवी ओळ घ्यायची, तीस सेकंद फक्त बघायची, मग न थांबता गायची आणि फोनवर रेकॉर्ड करायची. चुकली तरी थांबायचं नाही. ताल सोडून स्वर दुरुस्त करायला मागे वळणं ही या परीक्षेत बेसूर होण्यापेक्षा मोठी चूक. ओळ एकदा गायली की ती जुनी झाली, उद्या दुसरी घ्यायची. सहा महिन्यांनी बाखच्या चार आवाजी कोरालांवर (चर्चच्या स्तोत्रगीतांवर) यावं. संग्रहात ३७१ आहेत, साहित्य संपणार नाही. आल्टो गाताना बासची ओळ पियानोवर वाजवायची. म्हणजे पियानोही शिकायलाच हवा, निदान चौथ्या-पाचव्या ग्रेडपर्यंत. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची पाचवी थिअरी ग्रेड लवकर उरकावी, कारण सहावीपासूनच्या प्रॅक्टिकलसाठी ती लागते.

गोव्यात आज महिन्याचा पगार देणारं पूर्णवेळ कॉयर नाही. पाया मात्र जुना आहे. पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेजियो आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, मांडो दोन आवाजांत गातात, आणि पणजीत १९५२ मध्ये सुरू झालेल्या आकादेमिया द मुझिकाचा वारसा कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत विभागाच्या रूपाने चालू आहे. गाणारे गावोगावी आहेत. अनेकदा असं होतं की एका मैफलीसाठी माणसं जमतात, तीन महिने घाम गाळतात आणि पांगतात. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. सोळा-वीस मानधनी गायक आणि एक पगारी संचालक टिकला, तर बाकीचे हौशी गायक त्यांच्याभोवती उभे राहू शकतील. माझ्या मते तुमच्या मुलीने फक्त गायिका होण्याचं ध्येय ठेवू नये. कॉयरसंचालन आणि संगीतशिक्षण यांची जोड घ्यावी. त्या जोडीला शाळा, चर्च, महोत्सव सगळीकडे काम आहे, आणि ते परदेशात शिकून परत आल्यावरही करता येतं.

चर्चचं संगीत म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना संकोच असेल तर एवढं सांगा: व्यावसायिक कॉयर गायकाचा धर्म विचारत नाही, लॅटिन उच्चार विचारतं.

परदेशी शिक्षणासाठी तीन वाटा बघा. हंगेरीत केचकेमेटची कोडाय संस्था लिस्ट अकादमीचा भाग आहे, आणि ‘स्टिपेंडियम हंगारिकुम’ ही शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांना खुली आहे. लिस्बनच्या एस्कोला सुपेरिओर द मुझिकामध्ये कॉयरसंचालन शिकता येतं. पोर्तुगीज लागेल, ती गोवा विद्यापीठात शिकता येते. जर्मनीत बहुतेक राज्यांत फी नगण्य आहे, पण जर्मन भाषा हवी आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे.

सायन्स आत्ता सोडू नका. बारावीचं प्रमाणपत्र सगळीकडे लागतं, आणि अर्ध्यात शाखा बदलण्यात वर्ष जाईल. बारावीनंतर मात्र इंजिनिअरिंग घेऊन ‘संध्याकाळी गाऊ’ हा बेत करू नका. प्रॅक्टिकल आणि सबमिशनमध्ये रोजचा सराव पहिला बुडतो. दुपार मोकळी राहील अशी पदवी घ्या.

निर्णयासाठी बारावीची परीक्षा संपल्यावर तीन रेकॉर्डिंग करा: एक तयार गाणं, एक न पाहिलेली ओळ पहिल्याच प्रयत्नात, आणि तिघांसोबत साथीशिवाय एक कोराल. ती तिला रोज न शिकवणाऱ्या कंडक्टरला ऐकवा. दुसऱ्या रेकॉर्डिंगबद्दल तो काय म्हणतो ते लिहून घ्या, आणि परदेशी अर्जाचा खर्च त्यानंतरच करा.