केसाएवढ्या रेघेचा हिशोब

प्रश्न : पुस्तकाचं इंग्रजी नाव मुखपृष्ठावर बोदोनी या फॉन्टात, ६० पॉइंटात घेतलं. सुरेख उठून आलं. मलपृष्ठावरचा मजकूर त्याच फॉन्टात ९ पॉइंटात, काळ्यावर पांढरा ठेवला, तर छापल्यावर अक्षरं तुटकी दिसतात; छोटा ‘ई’ चक्क ‘सी’ वाटतो. पडद्यावर सगळं नीट होतं. कुठे चुकलं?

उत्तर : ‘ई’च्या पोटातली आडवी रेघ बुजली. या वळणात उभ्या रेघा जाड आणि आडव्या रेघा, सेरिफ (अक्षराच्या टोकांच्या छोट्या रेघा) केसासारखे बारीक असतात. बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या साधारण पन्नासावा भाग धरा. ६० पॉइंटाला ती १.२ पॉइंट भरते, ९ पॉइंटाला जेमतेम ०.१८. काळ्यावर पांढरी रेघ अर्ध्या पॉइंटाहून बारीक ठेवूच नये, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत पसरते. काळा रंग चार रंगांचा मिळून केला असेल तर एखाद्या रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली तरी रेघ गेलीच. पडद्यावर तुम्ही पान मोठं करून पाहत होता. प्रूफ शंभर टक्के आकारातच छापून बघायला हवं.

धातूच्या खिळ्यांनी छापायच्या काळात हा घोळ नव्हता. प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरला जाई, आणि लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवत. ज्याच्या नावाचा हा फॉन्ट, त्या इटलीतल्या पार्माच्या मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनीचा अक्षरांचा नमुनाग्रंथ त्याच्या पश्चात, १८१८मध्ये त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. त्यात एकेक वळण किती आकारांत कोरलंय ते पाहण्यासारखं आहे. संगणकावर एकच रेखाटन लहान-मोठं करतात आणि ती काळजी हरवते. म्हणून फॉन्ट घेताना त्याचे आकारानुसार वेगळे कट (रेखाटनं) आहेत का, ते आधी पाहा. १९९४च्या आयटीसी बोदोनीत ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी वेगळी रेखाटनं आहेत. बोदोनी मोडा या व्हेरिएबल (रूप हवं तसं कमी-जास्त करता येणाऱ्या) फॉन्टात ऑप्टिकल साइझचा अक्ष आहे, म्हणजे छपाईच्या आकारानुसार रेखाटन बदलता येतं.

तुमच्या मलपृष्ठासाठी आयटीसी बोदोनीचा ६ पॉइंटांचा कट घ्या, आकार १० करा, ओळींचं अंतर १५ पॉइंट ठेवा आणि पार्श्वभूमी फक्त काळ्या शाईची करा. तरीही रेघ बुजत असेल तर पांढऱ्यावर काळा मजकूर करा. अक्षरांना बाहेरून आउटलाइन देऊन जाड करू नका, त्याने जाड-बारीकचा तोल जातो आणि अक्षरांची पोटं बुजतात.

प्रश्न : याच्या जोडीला देवनागरी कोणती घ्यावी?

उत्तर : जाड-बारीकपणा हुबेहूब जुळवायला जाऊ नका. बोदोनीची आडवी रेघ बारीक, तर बोरूच्या वळणाच्या देवनागरीत शिरोरेघ जाड. शिरोरेघ केसाएवढी केली की लहान आकारात शब्द सुटे पडतात. काना बोदोनीच्या उभ्या रेघेइतका जाड दिसेल असं वजन निवडा, आणि दोन्ही लिपी एकाच ओळीत न कोंबता वेगळ्या ओळींवर ठेवा.