बेरीज मध्येच शून्य का होते?

प्रश्न : शाहूपुरीतील आमच्या अडत दुकानासाठी मी सी भाषेत गुळाच्या रव्यांच्या वजनाचा प्रोग्रॅम लिहिला आहे. पहिल्या शेतकऱ्याची नोंद बरोबर होते. दुसऱ्याची सुरू करताच दिवसाची 'एकूण' शून्यावर येते. या व्हेरिएबलचे नाव बेरजेच्या ओळीशिवाय कोठेही नाही. जागोजागी प्रिंट घालूनही चूक सापडली नाही. सोबत प्रोग्रॅम पाठवत आहे.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : प्रिंटमुळे किंमत कळते, पण तुम्ही विचाराल तेथेच, ती कोणी बदलली हे त्यातून कळत नाही. शिवाय तुम्ही नावाच्या मागे लागला आहात, आणि सी भाषेत मेमरीतली जागा नाव न घेताही बदलता येते, म्हणून पाळत त्या जागेवरच ठेवायला हवी.

त्यासाठी प्रोग्रॅम डीबगची माहिती ठेवून आणि ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कंपायलर आपणहून करतो ते बदल) बंद करून कंपाइल करावा, जीडीबी या डीबगरमध्ये (चालता प्रोग्रॅम थांबवून तपासण्याच्या साधनात) उघडावा आणि 'एकूण'वर वॉच, म्हणजे पाळत, लावावा. मग किंमत बदलली की प्रोग्रॅम आपोआप थांबतो आणि जुनी व नवी अशा दोन्ही किमती दिसतात. आम्ही तुमचा प्रोग्रॅम असाच चालवला, तेव्हा पहिले काही थांबे अपेक्षेप्रमाणे बेरजेपाशी आले. नंतरचा मात्र नव्या शेतकऱ्यासाठी वजनांचा ॲरे (ओळीने मांडलेली घरे) कोरा करणाऱ्या लूपमध्ये आला आणि त्या क्षणी लूपचा आकडा 10 होता. सी भाषेत घरे 0 पासून मोजतात, म्हणून दहा घरांच्या ॲरेत शेवटचे घर 9 क्रमांकाचे असते. तुमच्या लूपच्या अटीत 'लहान किंवा समान' असल्यामुळे अस्तित्वात नसलेल्या अकराव्या घरात शून्य लिहिले गेले, आणि तेथे 'एकूण' बसलेली होती. 'समान' काढून टाका.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जीडीबी बदल झाल्यानंतर थांबतो, त्यामुळे दाखवलेली ओळ बहुधा पुढची असते आणि दोष तिच्या आधी चाललेल्या ओळीत शोधावा लागतो. तसेच तीच किंमत पुन्हा लिहिली गेली तर साधा वॉच थांबत नाही. पहिल्या शेतकऱ्याच्या वेळी 'एकूण' मुळातच शून्य असल्याने दोष लपून राहिला, तो यामुळेच. पाळतीचे हे काम प्रोसेसर स्वतः करतो, म्हणून वेग फारसा घटत नाही. परंतु 1985 च्या 80386 या प्रोसेसरपासून इंटेलच्या या मालिकेत त्यासाठी मेमरीतल्या चारच पत्त्यांची सोय आहे, तेव्हा संशयित व्हेरिएबल नेमकेपणाने निवडावे.

दुरुस्तीनंतर वॉच तसाच ठेवून दोन-तीन शेतकऱ्यांच्या नोंदी टाका आणि प्रोग्रॅम आता केवळ बेरजेपाशीच थांबतो ना, हे पाहा.