घरातली वीज : लाल दिव्याची उघडझाप

एप्रिल उजाडला की माझ्या दुकानात दोनच गोष्टी येतात, बंद पडलेले फ्रीज आणि वाढलेली बिलं. फ्रीज मी दुरुस्त करतो. बिलं लोक नुसती दाखवतात, हळहळतात आणि घडी घालून परत नेतात. यंदाच्या टपालातही बिलंच जास्त आहेत. चौतीस वर्षं कराडात फ्रीज उघडतोय आणि मोटारी भरतोय, त्यातून जे कळलं ते लिहितो.

*काका, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, घरात आम्ही दोघंच. तरी बिल २१० युनिटच्या खाली येत नाही. एसी नाही, अंघोळीचं पाणी सोलरवर. फ्रीज सतरा वर्षांचा आहे, पण थंड उत्तम करतो. ह्यांनी रात्री चार्जरपासून सगळी बटणं बंद करायचा नेम धरलाय, फरक शून्य. वीज जाते कुठे? — गृहिणी, बार्शी*

ताई, ‘पण थंड उत्तम करतो’ हे तुम्ही फ्रीजच्या बाजूने लिहिलंत आणि मला तिथेच शंका आली. माझ्याकडे येणारे बरेच फ्रीज थंड उत्तमच करतात. किती वेळ चालून करतात, ते कोणी बघत नाही.

आधी मीटरपाशी जा. चष्मा आणि सेकंदकाट्याचं घड्याळ बरोबर घ्या. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या आसपास बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो, पुष्कळ घरी तो ३२०० असतो, काही ठिकाणी १६००. ३२०० चा अर्थ असा, की दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. आता घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीज तेवढा राहू द्या. तो घरघरत असताना दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. येतील ते वॅट. मीटर १६०० चा असेल तर २२५० ला भागायचं. समजा दहा सेकंद आले, तर तुमचा फ्रीज ११२ वॅट ओढतोय. जुन्या फ्रीजला हे काही फार नाही.

आता दुपारी तासभर भाजी निवडत स्वयंपाकघरात बसा आणि घरघर कधी थांबते ते ऐका. चांगला फ्रीज चालतो, कट होतो, पुन्हा चालतो. तुमचा थांबतच नसेल तर ११२ वॅट गुणिले चोवीस तास, म्हणजे दिवसाला २.७ युनिट आणि महिन्याला ८०. तोच निम्मा वेळ थांबायला लागला तर ४०. ह्यांचा चार्जरचा नेम दहा वर्षं चालला तरी एवढी बचत व्हायची नाही. (त्यांना हे वाचून दाखवू नका.)

गेल्या उन्हाळ्यात मलकापुरात एका घरी गेलो होतो. गवंड्याकडून खास फ्रीजसाठी कोनाडा बांधून घेतलेला, आतून टाइल्स, तिन्ही बाजूंनी बोटभरही जागा नाही. वर क्रोशाचं विणलेलं झाकण, त्यावर लोणच्याच्या बरण्या. फ्रीज बाहेर ओढला तर मागच्या जाळीवर धुळीची गोधडी. आतली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडते, तिला वाराच नाही, मग मशीन बिचारं पळतच राहणार. दाराच्या रबरात मी दहाची नोट धरून दार लावलं आणि ओढली. ती अडकत अडकत यायला हवी. बिजागरीच्या बाजूला, खाली, सुळकन बाहेर आली. खाचेत तेल आणि पीठ बसून दगड झालेला. कोमट साबणपाण्याने रबर धुतलं, वाकलेल्या जागी गरम पाण्यात बुडवलेलं फडकं दाबून धरलं, फ्रीज वीतभर पुढे घेतला, बरण्या खाली उतरवल्या. संध्याकाळी त्या बाईंचा फोन, “काका, तुम्ही हात लावला आणि फ्रीज बंद पडला!” बंद नव्हता पडला. कट झाला होता. ती शांतता त्यांना ओळखीचीच राहिली नव्हती.

तुम्ही एवढंच करून बघा. बर्फ अर्ध्या बोटाएवढा जमला की वितळवा, आणि आतला आकडा ७ वर असेल तर ३-४ वर आणा. रबर फाटलंच असेल तर बदलता येतं. एवढं करूनही कट होत नसेल, तर मात्र सतरा वर्षांची नोकरी पुरे झाली. नवा घेताना तारे मोजत बसू नका. पाच ताऱ्यांची कसोटी मधूनमधून कडक होते, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच सारखे नसतात. लेबलावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं, दोन फ्रीज शेजारी उभे करून तो आकडा वाचा. आणि जुना ‘असू दे पाण्याच्या बाटल्यांना’ म्हणून माजघरात चालू ठेवू नका. नवा फ्रीज घेऊन बिल वाढलेली घरं मी पाहिली आहेत, ती अशी.

बिलाचं एक सांगतो. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० चा दर जवळजवळ दुप्पट. शंभर ओलांडले की सगळीच युनिटं महाग होतात असं लोक समजतात, तसं नाही, वरची तेवढीच. पण वाचतात तीही वरचीच. म्हणून तुमची ४० युनिटं महागातली वाचतील.

*प्रदर्शनातून ‘वीजबचत यंत्र’ आणलं. प्लगमध्ये लावायचं, हिरवा दिवा लागतो, ४० टक्के बचत म्हणे. दोन महिने झाले, बिल तेवढंच. आणखी वाट पाहावी का? — निवृत्त शिक्षक, वाई*

नाही, गुरुजी. माझ्या मेहुण्याने असली दोन आणली होती, एक वरच्या मजल्याला, एक खालच्या. मी एक फोडून बघितलं. आत एक छोटा कपॅसिटर, दिव्याची सोय, आणि डबी वजनदार लागावी म्हणून काळा डांबरासारखा लगदा. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतून ओढलेल्या विजेतली किती खरी कामी येते ते प्रमाण, सुधारतो, हे खरं. मोठ्या कारखान्यांना तो कमी असला तर जादा पैसे पडतात, हेही खरं. पण तुमच्या-माझ्या घरचं मीटर वापरलेली खरी वीज मोजतं, आणि ती या डबीने तसूभर हलत नाही. एक पंखा चालू ठेवून वरच्यासारखे सेकंद मोजा, डबी लावून पुन्हा मोजा. शाळेत विज्ञान शिकवलं असेल तर गंमत वाटेल. हिरव्या दिव्याची वीज मात्र तुमच्याच बिलात.

*घरमालक सांगतात, गिझर दिवसभर चालूच ठेव, पुन्हा पुन्हा तापवण्यात जास्त वीज जाते. खरं आहे का? — विद्यार्थिनी, पुणे*

अगं, चहा दिवसभर गॅसवर ठेवल्याने गॅस वाचतो का? टाकी जितका वेळ गरम, तितका वेळ ती निवत राहणार आणि गिझर तेवढं भरून काढत राहणार. १५ लिटर पाणी वीसवरून पन्नास अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटच्या जरा वर लागतं, २००० वॅटच्या गिझरला साधारण सोळा मिनिटं. उठल्यावर लाव, दात घास, चहा घे, बंद कर, अंघोळीला जा. ३००० वॅटचा छोटा गिझर जास्त वीज खातो हाही गैरसमजच. तो जास्त ओढतो, पण थोडाच वेळ, बादलीला वीज तेवढीच लागते.

रॉड वापरत असशील तर बचत बाजूला ठेव. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, आणि बादली प्लॅस्टिकची.

*एसी १८ वर ठेवला की खोली लवकर गार होते, मग वीज कमी लागत नाही का? — मडगाव*

साधा एसी १८ वर आणि २४ वर सारख्याच वेगाने गार करतो. १८ वर तो थांबत नाही, एवढाच फरक. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नव्या एसींना सुरुवातीचा आकडा २४ च देतात, तो राहू द्या आणि वर पंखा लावा. गोव्यात उकाड्यापेक्षा दमटपणा छळतो, ‘ड्राय’चं बटण रात्री वापरून बघा. जाळी दर पंधरवड्याला धुवा.

*बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचे) पंखे दुप्पट महाग आहेत. घ्यावेत का? — परभणी*

परभणीच्या उन्हाळ्यात? घ्याच, पण सगळे एकदम नको. जुना पंखा ७५ वॅट, हा ३० च्या आसपास. रोज चौदा तास फिरत असेल तर महिन्याला १९ युनिटं वाचतात. पाहुण्यांच्या खोलीत आठवड्यातून एकदा फिरणाऱ्या पंख्याचा खर्च निघायला जन्म जाईल. जिथे फिरणं थांबतच नाही तिथला आधी बदला. फक्त रिमोटला दोरी बांधा. आमच्याकडे तो धान्याच्या डब्यात सापडला होता.

*माझे बाबा म्हणतात मोबाइल काढला तरी चार्जर वीज खातो. किती? — इयत्ता सहावी, पलूस*

खातो, पण मुंगीएवढी. चांगला चार्जर महिनाभर नुसता लावून ठेवला तरी पाव युनिटही होत नाही. टीव्हीखालची केबलची पेटी बघ, टीव्ही बंद असताना तिला हात लाव. कोमट लागली तर तिथे १० वॅटसुद्धा जात असतील, मग दिवसाचे वीस तास म्हटले तरी महिन्याला सहा युनिटं. रविवारी बाबांना घेऊन मीटरपाशी जा. घरातलं सगळं बंद, ती पेटी तेवढी चालू. लाल दिवा दोनदा लुकलुकायला किती सेकंद लागले ते मोज आणि कार्डावर लिहून पाठव. माझ्या घरी ९६ आले होते. आणि पेटीही बंद केल्यावर दिवा लुकलुकतच राहिला, तर आईला सांगून जवळच्या वायरमनला बोलाव. एका वाड्यात असंच मोजताना जिन्यातला दिवा आणि शेजाऱ्यांची पाण्याची मोटार एका आजींच्या मीटरवर निघाली होती.