क्लचच्या रिकॉलचं पत्र आलंय, पण गाडी ठीक चालतेय. सर्व्हिस सेंटरला जावं की बाहेरून हेवी ड्युटी क्लच टाकावा?

तुम्ही लिहिलंय की गाडी दोन वर्षांची, मॅन्युअल फोर बाय फोर, चिखलात-डोंगरात घालता, टायर मोठे टाकलेत. कंपनीचं रिकॉलचं पत्र आलंय, म्हणजे बनवतानाच राहिलेल्या दोषासाठी गाडी परत बोलावलीय: क्लच असेंब्ली (क्लचचा पूर्ण संच) तपासून बदलून देऊ. तुम्हाला धास्ती ही की सर्व्हिस सेंटरवाले तुमच्या चालवण्यावरच खापर फोडतील, आणि ग्रुपवरचे मित्र सांगतायत की तिकडे फिरकूच नका, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन हेवी ड्युटी क्लच टाकून घ्या.

जा. याच आठवड्यात जा. कुर्ल्याचं नंतर बघा.

एवढं ठासून सांगतोय कारण 'तुमच्या चालवण्यामुळे झालं' हे वाक्य मी चौदा महिने ऐकलंय, आणि तेही वडिलांच्या देखत.

बाबा बेस्टमध्ये ३२ वर्षं ड्रायव्हर होते, मुलुंड डेपोतून निवृत्त झाले. मला गाडी त्यांनी शिकवली. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला क्लचशिवाय दुसरं काही शिकवलंच नाही. गिअर पडला की डावा पाय क्लचवरून उचलून बाजूला सपाट ठेवायचा. पुलाच्या चढावर थांबलो तर गाडी क्लचवर धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. पाय क्लचवर नुसता टेकलेला दिसला तरी गुडघ्यावर चापट बसायची. त्यामुळे मला कोणी मायलेज कमी काढतो म्हटलं, पार्किंग वाकडं केलं म्हटलं, तर मी ऐकून घेईन. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवून चालवतो म्हटलं की मात्र ते फक्त माझ्यापुरतं राहत नाही.

जुलै २०२२. गाडी सव्वा वर्षाची, अठरा हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आणि तुमच्या प्रश्नाला त्याची गरजही नाही. मुलुंडहून ओतूरला गावी निघालो होतो, कल्याण-मुरबाडमार्गे. सोबत बाबा, आई आणि बायको. रविवार होता, त्यात पावसाळा, म्हणजे माळशेज घाटात धबधब्यांपाशी किती गर्दी असते ते तुम्हाला माहीत असेलच. चढावर दहा पावलं पुढे, पाच मिनिटं थांबा, असं चाललं होतं. मी प्रत्येक वेळी हँडब्रेक लावत होतो. बाबा शेजारीच बसले होते.

बोगद्याच्या अलीकडे पहिल्यात गाडी उचलली तेव्हा इंजिन ओरडलं आणि गाडी जागेवरच. आरपीएम तीन हजार, वेग शून्याच्या आसपास. मग तो वास. जळालेल्या क्लचचा वास एकदा नाकात गेला की आयुष्यभर विसरत नाही. बोनेटखालून, नीट सांगायचं तर गिअरबॉक्सच्या बाजूने, पांढरा धूर येऊ लागला. आईला आणि बायकोला उतरवून कठड्याकडे उभं केलं, धो धो पावसात. मागचे हॉर्न वाजवत होते. चार पोरांनी धक्का देऊन गाडी कडेला लावून दिली. टो गाडी यायला साडेचार तास लागले, आणि ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरपर्यंतचे साडेनऊ हजार रुपये रोख मोजले.

तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला म्हणून बोलावलं. बाबाही आले. क्लच प्लेट काळीठिक्कर, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चाकावर, निळे डाग. सर्व्हिस अॅडव्हायजर पंचविशीतला मुलगा. प्लेट हातात घेऊन माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "काका, यांना हाफ क्लचची सवय दिसतेय. हा फ्रिक्शन पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही." बिल झालं ४१ हजार ३००. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील फेसिंग आणि मजुरी. जॉब कार्डवर शेरा मारला: 'कस्टमर राइडिंग द क्लच'.

बाबा तिथे एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा वर्कशॉपवर विश्वास. आयुष्यभर डेपोत मेकॅनिक सांगेल ते खरं मानलेलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "घाटात मी तुझ्या पायाकडे बघत नव्हतो." पुढे सव्वा वर्ष जेव्हा जेव्हा माझ्या गाडीत बसले तेव्हा पुढेच बसले, आणि मुलुंड ते ओतूर त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि माझ्या डाव्या पायावर जास्त असायची.

माझं नशीब एवढंच की जुना माल मी मागून घेतला होता. गोणपाटात बांधून गॅलरीत ठेवला होता. तो कुर्ल्याच्या एका जुन्या मिस्त्रीला दाखवला. त्याने क्लच प्लेटकडे बघितलंही नाही, प्रेशर प्लेट उचलली, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी चकती. तिच्या सपाट तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे केली. एका बाजूने उजेड आरपार. मग रॉकेलने पुसून नख फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. केसाएवढी चीर होती. म्हणाला, पकड एका बाजूने सुटली की प्लेट घसरणारच आणि घसरली की जळणारच, मग पाय कुठेही असू दे.

हे मी ग्रुपवर टाकलं तर उत्तर काय आलं? चीर उष्णतेने पडली आणि उष्णता तुझ्या पायाने आली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नसतं. प्रेशर प्लेट कच्ची असेल तर क्लच घसरून तापतो, आणि क्लच चुकीचा वापरला तर चांगली प्रेशर प्लेटही तापून वाकते. जळालेले भाग टेबलावर मांडले की दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. म्हणून रिकॉलचं पत्र मोलाचं. कोणत्या काळात बनलेल्या कोणत्या भागात दोष आहे हे कंपनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून देते, आणि तुमच्या पायावरचा वाद तिथे संपतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मला ते पत्र आलं. प्रेशर प्लेट जास्त तापल्यास तडकण्याची शक्यता, ठरावीक काळातल्या गाड्या, माझा चेसिस नंबर त्यात.

जोरदार इंजिनाच्या ऑफ-रोड गाड्यांमध्ये हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत जीप रँगलर आणि ग्लॅडिएटरच्या मॅन्युअल गाड्यांना नेमका याच भागासाठी रिकॉल झाला, २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये. २०२३ चा रिकॉल सुमारे ६९ हजार गाड्यांचा होता. प्रेशर प्लेट तापून फुटायची, तुकडे गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर पडायचे आणि आग लागण्याचा धोका होता. उपाय म्हणून सॉफ्टवेअर दिलं, क्लच फार तापला की इंजिनची ताकद आपोआप कमी करणारं. मला हा उपाय पटत नाही. चढावर ऐनवेळी ताकद काढून घेणं म्हणजे दोष तसाच ठेवून गाडी लंगडी करणं. आपल्याकडे विकली जाणारी रँगलर ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे तो रिकॉल आपल्याला लागू नाही. सांगायचा मुद्दा हा की 'गाडी ठीक चालतेय' याला क्लचच्या बाबतीत काही अर्थ नाही. माझीही घाटापर्यंत ठीकच चालत होती. तुमच्या पत्रात सॉफ्टवेअर म्हटलंय की सुटा भाग बदलून देणार म्हटलंय ते नीट वाचा. तुम्ही 'बदलून देऊ' असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही सुदैवी आहात.

आता हेवी ड्युटी क्लचबद्दल. आत्ता टाकलात तर दोषी भाग तुमच्या गाडीत राहणार नाही, आणि कंपनी म्हणेल की आता बदलायला काय उरलं. पैसे तुमचे गेले, पुरावाही गेला. शिवाय कडक स्प्रिंगचा क्लच घेऊन रोज सायन आणि अमर महलच्या ट्रॅफिकमध्ये बसून बघा, महिनाभरात डावा गुडघा सांगेल. ज्यांना दर शनिवारी दगडातून चढायचंय त्यांनी खुशाल टाकावा, पण रिकॉलचं काम झाल्यावर. आणि दगडात चढताना फोर लो, म्हणजे फोर बाय फोरचा हळू पण जास्त जोराचा गिअर लावा. निम्मे लोक फोर हायमध्येच रेटतात, क्लच जाळतात आणि मग मोठा क्लच शोधतात.

माझं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी ज्यांनी आधीच पदरचे पैसे घालून क्लच बदललाय त्यांना ते लागेल. मी पत्र, जुनं बिल आणि गोणपाट घेऊन गेलो. म्हणाले, तुमचा क्लच तर आधीच बदललाय, रिकॉलचं काम 'पूर्ण' म्हणून नोंदवतो. मी सही केली नाही. तिथेच बसून कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल लिहिला, बिलाची प्रत आणि प्रेशर प्लेटचे फोटो जोडून. मेलमध्ये दोन गोष्टींचा उल्लेख केला. एक, मोटार वाहन कायद्याचं कलम ११० अ. २०१९ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू होतं. दोष लपवला आणि सरकारने रिकॉल करायला लावला तर दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. कंपनीने आपण होऊन दोष कळवला तर दंड नाही, म्हणून कंपन्या पत्रं पाठवतात. दुसरी गोष्ट ग्राहक आयोग. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच तक्रार चालते, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझे चौदा महिने झाले होते, दहा उरले होते. तेही लिहिलं.

एकवीस दिवसांनी भागांचे पैसे मान्य झाले. मजुरीसाठी आणखी दोन मेल लागले. टो गाडीचे साडेनऊ हजार अजूनही 'धोरणात बसत नाही'. त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

पण मला पैशांपेक्षा तो शेरा काढून हवा होता. वर्कशॉप मॅनेजर म्हणाला, जुनं जॉब कार्ड सिस्टीममध्ये बंद झालंय, बदलता येत नाही. गाडी विकताना सर्व्हिस हिस्टरीत ते वाक्य दिसणार, पुढे गिअरबॉक्सला काही झालं तर तेच वाक्य पुढे करणार. चार खेपा घातल्या. शेवटी त्यांनी स्वतंत्र पत्र दिलं: जुलै २०२२ चा बिघाड रिकॉलमध्ये नमूद दोषाशी संबंधित, चालवण्याच्या पद्धतीबाबतचा शेरा मागे घेण्यात येत आहे. शिक्का, सही, तारीख. बाबांनी ते भिंग घेऊन दोनदा वाचलं आणि आरसी बुकाच्या फाइलमध्ये लावलं. नंतरच्या रविवारी ओतूरला निघालो तेव्हा ते मागे बसले, आईशेजारी, आणि शहाडच्या पुलाआधीच झोपले.

म्हणून तुम्हाला सांगतो, जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. 'ड्रायव्हिंग हॅबिट', 'ऑफ-रोड यूज', 'मिसयूज' यातलं काहीही लिहिलं असेल तर खोडायला लावा, नाहीतर सहीशेजारी 'मला मान्य नाही' असं लिहा. अॅडव्हायजर म्हणेल की ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. त्याच्यासाठी असेल.

मोठ्या टायरचं मात्र खरं आहे. टायरचा घेर वाढला की गाडी उचलताना क्लचवर भार वाढतो, आणि ते हा मुद्दा काढतीलच. रिकॉल चेसिस नंबरवर येतो, टायरवर नाही, हे शांतपणे सांगा आणि पत्र पुढे करा. पण रिकॉलनंतर बसवलेला नवा क्लचही लवकर गेला, तर त्या टायरचा वाद तुम्हाला जड जाईल. जमलं तर जाताना मूळ मापाचे टायर चढवून जा.

आणि तुमचा क्लच ऐंशी-नव्वद हजार किलोमीटरला गेला असता तर मी हे काहीच लिहिलं नसतं. तेवढ्याला जातो तो झिजून जातो. जुने भाग मात्र तेव्हाही मागून घ्या.